सहकुटुंब यावं

यंदा दिवाळीच्या तोंडावर चार दिवस पाऊस लागला आणि कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं. कणसांना कोंब फुटले. रानशेतच्या खालच्या पाड्यातल्या घरांनी मग जे हाती लागलं ते झोडून कणगीत टाकलं आणि माणसं कामाला बाहेर पडली. कोणी वापीला कारखान्यात, कोणी वीटभट्टीवर, कोणी चिकूच्या वाडीत. कल्पिताला कुठं जाता येत नव्हतं. घरात काळी नावाची सासू, तिच्या दोन्ही गुडघ्यांना सूज. आठ वर्षांची रुचिका शाळेत जाणारी. आणि नवरा मनिष दोन वर्षं आठ महिने कराचीच्या तुरुंगात.

तो खलाशी होता. दर वर्षी नारळी पुनव झाली की बोट चालवणाऱ्या तांडेलाची गाडी यायची, पाड्यातले सातआठ जण तिच्यात चढून गुजरातेत वेरावळला जायचे आणि मे महिन्यात काळेठिक्कर होऊन परतायचे. त्या वर्षी बोटीचं इंजिन बंद पडलं, बोट वाहत पलीकडच्या हद्दीत गेली आणि तिकडच्यांनी माणसांसकट ती धरून नेली. बोटीच्या शेठचा फोन आला तो एवढंच सांगायला. त्यानंतर एक पत्र आलं, दुसऱ्या कुणाच्या अक्षरातलं, हिंदीत. मी बरा आहे, चिंता करू नये. कल्पितानं ते सासूला इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की हिंदी येत नसताना काळीला ते तोंडपाठ झालं होतं.

बाजाराचं काम तिला आवाजामुळं मिळालं. डहाणूच्या निलमताईंनी आसपासच्या पाड्यांतल्या शेतकऱ्यांचा गट बांधला होता. दलालाच्या गाडीत माल न टाकता आपणच बसून विकायचा, म्हणून दर रविवारी शाळेमागच्या मैदानात बाजार भरवायचं ठरलं. नुसत्या भाजीला माणसं येणार नाहीत, तिथं वाजवणारे पाहिजेत, खेळ पाहिजेत, घरंच्या घरं उठून आली पाहिजेत, असं ताईंचं म्हणणं. बैठकीत हे सगळं कागदावरून वाचायला त्यांनी कल्पिताला उभं केलं, कारण दहावीपर्यंत शिकलेली तीच जवळ बसली होती. मागं पोरं रडत होती, बायकांच्या गप्पा चालल्या होत्या, तरी तिचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेला कळला. आता भोंगा घेऊन फिरायला माणूस शोधायला नको, असं निलमताई तिथंच म्हणाल्या.

काळीला ते पटलं नाही. आवाज चांगला म्हणून काय बाईमाणसानं गावोगाव ओरडत फिरायचं, आणि तेही परक्या माणसाच्या रिक्षात. संध्याकाळी काळीनं भातासाठी कणगीत हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला तरी तिला दाणा लागेना. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

रिक्षा मोरूकाकांची. पंचावन्नच्या पुढचा माणूस. लग्नाच्या, निवडणुकीच्या, जत्रेच्या भोंग्यांनी त्यांचा एक कान पार गेला होता, दुसऱ्यात ते कापूस घालत. टपावर भोंगा सुतळीनं आवळून बांधलेला, मागच्या सीटवर बॅटरी, आणि बॅटरीला पाय लागू नयेत म्हणून अंग चोरून बसलेली कल्पिता. गुरुवारी डहाणूकडचे पाडे, शुक्रवारी तलासरीकडचे, थेट अच्छाडच्या नाक्यापर्यंत. पहिल्या दिवशी धुरळ्यानं तिचा घसा दुपारीच बसला. काकांनी ओवा नि गूळ दिला, आणि वाक्य संपल्यावर श्वास घ्यायचा, मधे नाही, एवढं शिकवलं.

"येत्या रविवारी, सकाळी आठपासून," ती सांगायची. मग कोण कोण येणार त्यांची नावं. वांगी नि मिरचीवाले, कोनफळ नि करांदे असले कंद घेऊन येणाऱ्या बायका, डहाणूच्या किनाऱ्यावरची सुकटवाली, चिकूवाले. मग वाजवणारे कुठल्या पाड्याचे. मग खेळ. आणि शेवटी, "सर्वांनी सहकुटुंब यावं."

ह्या शेवटच्या वाक्यावर पहिले काही दिवस तिची जीभ जड व्हायची. शब्द अवघड होता म्हणून नव्हे. तो शब्द आला की दारादारातून माणसं बाहेर येत. कडेवर पोर घेतलेला बाप, पदराला हात पुसणारी बाई, काठी टेकत म्हातारा. ओट्यावर उभं राहून ते भोंग्याकडं बघत, रिक्षात कोण बसलंय ते बघत, आणि आत जात. दिवसभर ती बोलत असे आणि दिवसभरात तिच्याशी कोणी बोलत नसे. भोंग्याला कोण उत्तर देणार?

अच्छाडला नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली असायची. ढाब्यापुढं खाटांवर बसलेल्यांत तिकडच्या पाड्यातले दोघंतिघं तिला ओळखणारे निघाले. एकजण, तिला ऐकू जाईल अशा बेतानं, बोलला, "नवरा कराचीत नि बाई रिक्षात." बाकीचे हसले. कल्पिताच्या हातात माईक चालूच होता. तिनं पुढचं नाव वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं. मिरचीवाल्याच्या गावाचं नाव मात्र तिनं दोनदा घेतलं, आणि ते तिला काकांनी पुढच्या वळणावर सांगितलं तेव्हा कळलं.

बाजार जमला. तिसऱ्या रविवारी तर पाय ठेवायला जागा नव्हती. फडक्यांवर वालाच्या शेंगांचे, मुळ्यांचे, लाल माठाचे ढीग. सुकटवालीच्या टोपलीभोवती बायकांचं कोंडाळं. शाळेच्या भिंतीला टेकून तारपावाला गाल फुगवून बसलेला आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून फिरणारी पोरं. कल्पिता टेबलामागं माईकपाशी. कुणाचं पोर हरवलं ते सांगायचं, कुणाची मोटारसायकल आडवी लागली ते सांगायचं, आणि खेळांत नावं पुकारायची.

खेळांत सगळ्यांना आवडला तो कावडीचा. नवरा-बायकोनं एक बांबू दोघांच्या खांद्यावर घ्यायचा, मधे काठोकाठ भरलेली घागर टांगलेली, आणि मैदानाच्या त्या टोकाच्या आंब्यापर्यंत जाऊन परत यायचं. जिच्या घागरीत जास्त पाणी उरलं ती जोडी जिंकली. उंच नवरे, ठेंगण्या बायका. घागर घसरत एकाच्या अंगावर यायची, दोघंही भिजायची, एकमेकांना दोष देत हसायची. कल्पिता जोड्यांची नावं घेत होती. आधी नवऱ्याचं, मग बायकोचं, तसं कागदावर लिहिलं होतं. रुचिका एकदा जवळ येऊन विचारून गेली की आई आणि मुलगी चालत नाही का. कल्पितानं कागद दाखवला. पोर गेली ती आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

दुपारी सगळी आपापल्या घरच्यांत गोल करून जेवायला बसली. तिला कुणी बोलावलं नाही असं नाही. दोघींनी हाक मारली. पण जागा करायला नवऱ्यांना सरकावं लागलं असतं, आणि परक्या नवऱ्याशेजारी बसून जेवायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी पाड्यात त्याचीच चर्चा. गळ्यात काळी पोत, कपाळाला टिकली. ती ना लेकुरवाळ्या सवाष्णींच्या गोलात बसत होती, ना विधवांच्या. तिनं माईकपाशीच, बॅटरीच्या खोक्यावर बसून भाकरी खाल्ली.

त्यानंतरच्या बुधवारी निलमताई पुढच्या रविवारची यादी घेऊन पाड्यात आल्या. एरवी त्या मोरूकाकांच्या हाती पाठवत. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, काळीच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग कागद दिला. वर नेहमीसारखी नावं. खाली निळ्या पेनानं नंतर घातलेला मजकूर होता. कराचीच्या तुरुंगातून सुटून आलेल्या आपल्या भागातल्या तीन खलाशांचा कुटुंबासह सत्कार. तिन्ही नावं, पाड्यांसकट.

कल्पितानं नावं वाचली. कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागं काही नव्हतं.

खलाशी सुटल्याचं तुझ्या कानावर आलं का, असं विचारून ताई हळूच सांगू लागल्या. बावीसजण सुटले, त्यातले तीन आपले, चार दिवस झाले येऊन. मनिषचं त्यांनी डहाणूच्या कचेरीत विचारलं होतं. त्याची ओळख पटवल्याचा कागद अजून पुढं गेलेला नाही म्हणतात. तुला हे वाचायला जड जाईल. काही हरकत नाही, काकांच्या मोबाईलमध्ये दुसऱ्या कुणाच्या आवाजात रेकॉर्ड करून घेऊ, तोच लावू सगळीकडं.

कल्पिताला ते दोन्ही अंगांनी समजलं. एकदा रेकॉर्ड केलं की दर आठवड्याला रेकॉर्डच करता येतं.

"मी वाचीन," ती म्हणाली.

गुरुवारी तिनं वाचलं. आदल्या सगळ्या आठवड्यांपेक्षा त्या दिवशी आवाज सरळ गेला, असं काका म्हणाले. त्या तीन नावांपाशी ती जरा थांबे, श्वास घेई, आणि एकेक सुटं करून सांगे. पाड्यापाड्यात लोक बाहेर आले. एका म्हाताऱ्यानं तर रिक्षा थांबवून विचारलं की खरंच आलीत का पोरं, त्याचा भाचाही तसाच धरला गेला होता. भाच्याचं नाव तिच्या कागदावर नव्हतं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

दुपार कलता कलता रिक्षा तिच्याच पाड्यात आली. काळी दाराशी वाल सोलत बसली होती. सून परकी असल्यासारखी ती तिच्याकडं न बघता ऐकत राहिली. कल्पितानं सगळं वाचलं. तिन्ही नावं वाचली. सहकुटुंब यावं म्हणून संपवलं, आणि काकांनी रिक्षा पुढं काढली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सोललेले वाल तसेच सुपात होते, चूल पेटवलेली नव्हती.

"चौथं नाव नव्हतं?" काळीनं विचारलं.

"तीनच होती, आई."

काळीनं वालाचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "नीट वाचलंस ना?"

कल्पितानं कनवटीचा कागद काढून तिच्या पुढं धरला. काळीला वाचता येत नव्हतं. तरी तिनं तो घेतला, त्या निळ्या ओळींवरून बोट फिरवलं, एक, दोन, तीन असं मोजलं, आणि घडी करून परत दिला.

शुक्रवारी अच्छाडच्या अलीकडचा पाडा आला. सुटलेल्यांतला प्रविण तिथला. त्याचं घर ओळखायला विचारावं लागलं नाही. अंगण ताजं सारवलेलं, दाराला आंब्याचा टाळा, आणि नवी हिरवी साडी नेसलेली एक बाई रिक्षाचा आवाज ऐकून धावत बाहेर आलेली. तीच वेणू, प्रविणची बायको. भोंग्यातून नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. रिक्षा थांबायच्या आधीच ती तांब्या घेऊन आली. ऊन किती, घसा किती कोरडा पडत असेल, असं म्हणत तिनं कल्पिताला पाणी पाजलं. तिच्या हातात नव्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत. कल्पिताला पाणी गोड लागलं आणि ती बाई मुळीच आवडली नाही. असं कधी तिला कुणाबद्दल वाटलं नव्हतं. पुढच्या पाड्यापर्यंत तिला त्याची लाज वाटत राहिली.

रविवारी तिघांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. टॉवेल, नारळ, झेंडूचे हार. तिघंही सारखेच दिसत होते, मान बारीक, डोळे आत, केस नुकतेच कापलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. निलमताईंनी दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा पहिल्यानं हात जोडले, दुसऱ्यानंही जोडले. प्रविणची खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

तो कल्पिताला सापडला. टेबलामागं, जिथं भोंग्याची पाठ होती आणि आवाज त्यातल्या त्यात कमी, तिथं तो शाळेच्या भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. हार काढून शेजारी ठेवला होता, नीट गोल करून. तारपा सुरू झाला होता म्हणून तिला थोडी उसंत होती. ती जवळ गेली, पण फार जवळ नाही.

मनिषच्या घरची मी, असं तिनं सांगितलं. रानशेतचा मनिष.

त्यानं वर पाहिलं. मग म्हणाला की ओळखतो. एका खोलीत नव्हते दोघं, पण सकाळी मोजायला सगळ्यांना अंगणात उभं करत तेव्हा पुढच्या रांगेत असायचा. बरा आहे. पोट बिघडतं मधून मधून, ते सगळ्यांचंच. मण्यांचं काम शिकलाय, बारीक मणी ओवून काय काय बनवतो. सुटणाऱ्यांची नावं पुकारली त्या दिवशी तोही ऐकायला उभा होता. त्याचं आलं नाही. मग त्यानंच ह्या तिघांचं सामान बांधून दिलं.

कल्पितानं हे सगळं ऐकून घेतलं. विचारायचं ते एवढ्यात विचारलं पाहिजे, तारपा थांबला की तिला जावं लागणार होतं.

"घरचं काय बोलतात?"

"पोरीचं बोलतो. रुचिका. किती मोठी झाली असेल, ते हातानं दाखवतो. आईच्या गुडघ्याचं बोलतो."

ती थांबून राहिली. प्रविणला ते कळलं. त्यानं हाराची एक पाकळी काढली, दुसरी काढली.

"बायकोचं नाव तिकडं कोणी घेत नाय, वहिनी," तो म्हणाला. "मी पण नाय घेतलं. तीन वर्षं. नाव घेतलं का मग दिवस जात नाय."

तारपा थांबला. पलीकडून कुणीतरी माईक, माईक, म्हणून हाका मारू लागलं. कल्पिता टेबलाशी आली आणि तिनं कावडीच्या जोड्या पुकारायला घेतल्या. कागदावर पाचवी जोडी त्यांची होती, प्रविण आणि वेणू. ताईंनी हौसेनं घातली होती. कल्पितानं नाव घेतलं. गर्दीतून वेणू पुढं आली, पदर खोचला, आखलेल्या रेघेवर उभी राहिली. कुणीतरी बांबू तिच्या खांद्यावर दिला. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते मातीत टेकलं, आणि घागर कलंडून तिच्या पायावर पाणी आलं.

कल्पितानं पुन्हा नाव पुकारलं. लोक वळून शोधू लागले. हसणारेही होते. दमला असेल, कुणी म्हणालं, तीन वर्षांचं दमलाय, दुसरा म्हणाला, आणि हशा मोठा झाला. वेणू बांबू खांद्यावर धरून तशीच उभी. तिची नवी साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. ती भिंतीकडं बघत होती. नवरा कुठं बसलाय ते तिला आधीपासून माहीत होतं.

तिसऱ्यांदा पुकारायची रीत होती. कल्पितानं तिसऱ्यांदा ते नाव घेतलं नाही. कागदावरून बोट खाली सरकवून तिनं सहावी जोडी पुकारली, जरा मोठ्यानंच, आणि सगळ्यांचे डोळे तिकडं वळले.

वेणू बांबू ठेवून टेबलापाशी आली. पाणी प्यायची तिची इच्छा नव्हती, तरी तिनं माठातलं पाणी घेतलं. पेला हातात धरून म्हणाली, "आला खरा. पण बाय, घरात अजून आला नाय तो. ओट्यावर बसतो नि हायवेकडं बघतो. हाक मारली का उभा राहतो, मोजायला उभा राहिल्यासारखा."

कल्पिताच्या समोर माईक होता आणि सातव्या जोडीचं नाव घ्यायचं होतं.

घरी गेल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं. तुमच्या गुडघ्याची आठवण काढतात. रुचिकाची उंची हातानं दाखवतात. रुचिका दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि आता आपण इथपर्यंत आलो ते बाबाला कसं कळणार, म्हणून विचारू लागली. काळीनं गुडघ्यावरून हात फिरवला, फिरवतच राहिली. मग तिनं विचारलं, आणखी काय म्हणाला. कल्पिता म्हणाली, बाकी काही नाही, तारपा थांबला. ती उठली आणि पाण्याला गेली. विहिरीवर दुसरी कुणी नव्हती. घागर भरेपर्यंत ती रडली नाही. भरलेली घागर डोक्यावर घेतल्यावर रडू आलं, तेव्हा पुसायला हात मोकळे नव्हते.

मधे एक रविवार गेला. थंडी वाढली. तिनं डहाणूच्या कचेरीत जाऊन पुन्हा एकदा रेशनकार्डाची नि मतदार कार्डाची झेरॉक्स दिली. तिसरी वेळ होती. टेबलावरच्या माणसानं ती आधीच्या दोनांवर ठेवली, टाचणी लावली आणि पुढं पाठवतो म्हणाला.

शुक्रवारी रिक्षा पुन्हा अच्छाडच्या अलीकडच्या पाड्यात शिरली. दाराला लावलेला टाळा वाळून त्याची पानं अंगणात पडली होती. वेणू अंगणातच होती, मोगरी घेऊन वालाच्या वाळलेल्या शेंगा बडवत. हातात बांगड्या दोनदोनच राहिल्या होत्या. रिक्षा थांबली तरी तिचा हात थांबला नाही. कल्पिता माईक ठेवून खाली उतरली. कामावर असताना ती असं कधी उतरली नव्हती.

गेला, वेणूनं सांगितलं. सोमवारी. तांडेल आला होता एका बोटीला माणूस कमी म्हणून, तर हा कुणी विचारायच्या आधी पिशवी घेऊन उभा. सासऱ्यानं पाय धरले त्याचे. तो म्हणाला घरात झोप येत नाही, छत जवळ वाटतं. जाताना तिला सांगितलं की ह्या वेळी लांब जाणार नाही, किनाऱ्याकिनाऱ्यानं.

"सोळा दिवस होता," ती म्हणाली आणि शेंगांवर मोगरी घातली.

कल्पिता तिच्या समोर बसली. बसायला तिथं काही नव्हतं, ती मातीतच बसली. दोघींच्या मधे वालाचे दाणे उडत होते. तिनं काही सांत्वन केलं नाही. आजवर तिचं स्वतःचं सांत्वन किती जणांनी केलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य तिला आठवत नव्हतं. ती इकडंतिकडं उडालेले दाणे वेचून सुपात टाकू लागली. तिकडं काका रिक्षापाशी विडी ओढत उभे राहिले, आणि एरवी वेळेसाठी कुरकुरणाऱ्या त्या माणसानं हॉर्न दिला नाही.

बऱ्याच वेळानं वेणू थांबली. सुपातल्या दाण्यांकडं बघून म्हणाली, "हे घेऊन मी येऊ का बाजारात? बसायला देतील?"

देतील, कल्पितानं सांगितलं. फक्त यादीत नाव पाहिजे.

"मग घाल. माझंच घाल. त्याचं नको पुढं."

कल्पितानं गुडघ्यावर कागद ठेवून नाव लिहिलं. मग रिक्षात बसली, माईक तोंडाशी घेतला आणि नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. येत्या रविवारी, सकाळी आठपासून. वांगी नि मिरचीवाले. कोनफळवाल्या. सुकटवाली. दारादारातून माणसं बाहेर आली. मग तिनं श्वास घेतला.

"आणि आपल्याच पाड्यातली वेणू. घरचे वाल घेऊन."

वेणू मोगरी हातात धरून उभी होती. समोरच्या ओट्यावरची सासू-सून तिच्याकडं बघू लागली, पोरं तिच्याकडं बोट दाखवू लागली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. कल्पितानं वाजवणाऱ्यांचं सांगितलं, खेळांचं सांगितलं, सहकुटुंब यावं म्हणून संपवलं. काकांनी विडी विझवून रिक्षा चालू केली. तेवढ्यात वेणू पुढं आली आणि रिक्षाच्या दांडीला हात लावून उभी राहिली.

"परत एकदा बोल ना," ती म्हणाली. "तेवढंच."

मोरूकाकांनी इंजिन बंद केलं. कल्पितानं माईक उचलला. ह्या वेळी वाल नाही, बाजार नाही, रविवार नाही, तिनं नुसतं नाव घेतलं. भोंगा हायवेच्या दिशेला होता. नाव पाड्यावरून, वाळलेल्या गवतावरून पलीकडं गेलं, आणि तिथून पुढं ट्रकांच्या आवाजात कुठपर्यंत ऐकू गेलं ते सांगता येणार नाही. वेणू ते संपेपर्यंत ऐकत राहिली. मग दांडी सोडून ती आपल्या शेंगांकडं वळली.